आवराताईंनी जुना पायथन काढला

आवराताईंचं हे नाव कोणी ठेवलं याबद्दल प्रयोगशाळेत दोन मतं होती. काहींच्या मते ते पिपेटने ठेवलं. पिपेट म्हणजे तिथला सहायक. काचेच्या नळीसारखा उंच आणि सडपातळ, त्यामुळे त्याला स्वतःला टोपणनाव होतंच, आणि सूड म्हणून त्याने दुसऱ्याला दिलं असणं शक्य आहे. बाकीच्यांचं म्हणणं असं, की नाव ठेवायची वेळच आली नाही. बाई सकाळी दारातून आत पाऊल टाकायच्या त्या 'आवरा' म्हणतच. लोकांनी त्यांचा शब्द त्यांना परत केला, इतकंच.

प्रयोगशाळा पाण्याची होती. टाक्या, नळ, विहिरी, कारखान्यांमागचे नाले, जिथून मिळेल तिथून बाटल्या भरून यायच्या आणि ते पाणी माणसाने प्यावं की नुसतं बघावं, हे इथे ठरायचं. आवराताई तिथल्या प्रमुख तपासनीस. कामात चोख, याबद्दल त्यांच्या शत्रूंनाही शंका नव्हती, आणि शत्रू बऱ्यापैकी होते. बाटल्या उंचीप्रमाणे, चिमटे लांबीप्रमाणे, माणसं शक्य तितकी आपापल्या जागी. कोणाच्या टेबलावर कालचा चहाचा पेला दिसला तर त्या काही बोलायच्या नाहीत. पेल्याकडे बघायच्या, मग माणसाकडे बघायच्या, मग पुन्हा पेल्याकडे. दोघांपैकी कोण आधी जागचं हलेल, हा प्रश्न पाहणाऱ्याला पडायचा.

त्यांच्या आयुष्याचं तत्त्व साधं होतं. एका कामाला एक वस्तू. घरात एक कात्री असली की घर सुखी. दुसरी कात्री आली म्हणजे सवत आली, दोघींतली एक जाणार. कोणती जाणार हेही ठरलेलं: जी आधीपासून आहे ती. नव्याला जागा करून द्यायची तर जुन्याने उठलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं, आणि हे म्हणणं त्यांनी सासरी पहिल्या आठवड्यातच बोलून दाखवलं होतं. त्यांच्या सासूबाईंनी त्यानंतर उरलेलं आयुष्य जरा सावधपणे काढलं.

आता अशा बाईंचं लग्न कोणाशी व्हावं? तर नाटकगृहाचं सामानघर सांभाळणाऱ्या माणसाशी. यजमानांची नोकरीच मुळी जुन्या वस्तू साठवायची. मोडक्या घड्याळांपासून बिनपायांच्या पलंगांपर्यंत जे जगाला नको ते त्यांना हवं. घरात त्यांना एक खुंटी आणि दीड कप्पा इतकं राज्य होतं, आणि त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. या समजूतदारपणाचं कारण आवराताईंना बऱ्याच वर्षांनी, एका नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला कळलं. पडदा वर गेला आणि रंगमंचावर त्यांच्या सासूबाईंची आरामखुर्ची. शेजारी त्यांचाच जुना उभा दिवा. खुंटीला त्यांनीच हद्दपार केलेली छत्री. नायक येऊन आरामात त्या खुर्चीत रेलला.

"ही खुर्ची मी भंगारात दिली होती," आवराताई अंधारात कुजबुजल्या.

"हो ना," यजमान म्हणाले. "तिथूनच घेतली."

नाटक शोकांतिका होतं असं दुसऱ्या दिवशी लोक म्हणत होते. आवराताईंच्या दृष्टीने ते पडदा उघडल्याबरोबरच होतं.

घरात आणखी एक प्रकरण होतं, ते धाकट्या जाऊबाईंचं. धाकटी टेलिफोन कंपनीत जोडण्या दुरुस्त करायची. दूरदूरच्या गावांतली यंत्रं ती घरबसल्या चालू-बंद करायची, आणि त्यासाठी तिच्या खोलीत पाच संगणक आणि वायरींचं असं एक रान माजलेलं होतं की आत गेलेली मांजर संध्याकाळी दुसऱ्या रंगाची होऊन बाहेर यायची. तोवर दोन्ही भाऊ एकत्र राहत होते. एकदा धाकटी चार दिवसांसाठी बाहेरगावी गेली असताना आवराताईंनी तिच्यावर उपकार करायचं ठरवलं. खोली आवरली. नको त्या वायरींचं एक मोठं खोकं भरलं आणि भंगारवाल्याला दिलं. 'नको त्या' कोणत्या, हे अर्थातच त्यांनी ठरवलं. धाकटी परतली, खोलीच्या दारात उभी राहिली आणि इतकंच म्हणाली, "ताई, हे कोणी केलं?" तिचा आवाज ऐकून आवराताईंना आधी वाटलं की ती भारावून गेली आहे.

महिनाभरात धाकट्यांनी वेगळी चूल मांडली. मग अबोला आला. सणासुदीला, कोणाच्या लग्नाकार्याला भिंतीच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहायच्या आणि मध्ये नवरे हवापाण्याबद्दल बोलायचे. आवराताईंनी टापटिपीचा भाग म्हणून फोनमधून धाकटीचा नंबरही काढून टाकला होता. न वापरायची वस्तू ठेवायची कशाला.

प्रयोगशाळेतल्या मुख्य संगणकावर लिनक्स होतं, म्हणजे संगणक चालवणारी एक व्यवस्था. ते कसं आलं, तर मुख्य साहेब कुठल्याशा परिषदेला गेले होते आणि तिथे त्यांनी दोनच गोष्टी लक्ष देऊन ऐकल्या: जेवणाची वेळ, आणि 'लिनक्स फुकट असतं' हे वाक्य. फुकट ते पौष्टिक! परत आल्या आल्या त्यांनी सगळ्या संगणकांवर लिनक्स घालून घेतलं. सगळ्या म्हणजे, स्वतःच्या केबिनमधला सोडून. तिथे पैसे मोजून घेतलेलीच व्यवस्था राहिली, कारण साहेबांचा पत्त्यांचा खेळ त्यांना दुसरीकडे सापडेना. ते काही असो, लिनक्स आलं आणि निमूटपणे चालत राहिलं. तक्रार नाही, खोळंबा नाही. त्यामुळे त्याच्याकडे कोणाचं लक्षही गेलं नाही.

मग वरच्या कार्यालयाकडून आदेश आला. यापुढे पाण्याचे सगळे अहवाल एका नव्या प्रोग्राममधून निघतील. प्रोग्राम पायथन भाषेत लिहिलेला आहे. आपल्या संगणकावर पायथनची आवृत्ती जुनी असल्यास कृपया नवी टाकून घ्यावी. खाली सही, आणि सहीच्या खाली 'तातडीचे'.

साहेबांनी बैठक घेतली. "हे पायथन काय प्रकरण आहे?" त्यांनी विचारलं.

"प्रोग्राम लिहायची भाषा असते, साहेब," पिपेट म्हणाला. "ती आधी संगणकात टाकावी लागते, मग त्याला त्या भाषेतलं कळतं."

"फुकट आहे?"

"फुकट आहे."

"मग टाकून घ्या," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीने विषय संपला. उठता उठता त्यांनी आवराताईंकडे पाहिलं. "तुम्हीच बघा. नवं-जुनं करायची तुम्हाला आवड आहे."

घरी त्या दिवशी जेवताना आवराताईंनी यजमानांना सांगितलं, की उद्या पायथन टाकायचा आहे.

"अजगर?" यजमानांचा घास हातातच राहिला. "पाण्यात?"

"संगणकात. भाषा आहे ती."

"अजगराची?"

"माणसांची आहे. नाव तेवढं अजगराचं. आहे तो जुना झालाय, नवा टाकायचा."

"आणि जुना कुठे जाणार?" यजमानांनी धंद्याच्या सवयीने विचारलं.

आवराताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. यजमान जेवू लागले.

आवराताई मूर्ख मुळीच नव्हत्या, हे इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं ऐकून गैरसमज होईल. मूर्ख माणसाच्या हातून एवढा घोळ होत नाही. त्याला तेवढी चिकाटी नसते. आवराताईंनी सगळं रीतसर वाचलं. संगणकाला हुकूम देण्यासाठी जी काळी खिडकी उघडावी लागते ती उघडली. एकेक ओळ, अक्षर न अक्षर तपासून लिहिली. पासवर्ड विचारला तेव्हा पासवर्ड दिला. पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या, थांबल्या, आणि कुठेही रागाचा शब्द न काढता संगणक पुढच्या हुकमाची वाट पाहत बसला. नवा पायथन आत आला होता. अर्ध्या तासाचं काम, तेही चहा पिता पिता.

त्या इथेच थांबल्या असत्या तर ही गोष्ट सांगण्याजोगी राहिली नसती.

त्यांनी खात्री करायची म्हणून संगणकाला विचारलं: तुझ्याकडे पायथन कोणता? संगणकाने जुन्याचा आकडा सांगितला. आवराताईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी नव्याचा पूर्ण आकडा लिहून विचारलं, तर तोही म्हणाला, हजर. म्हणजे आत दोन होते. एका कामाला दोन! आणि नुसती हाक मारली की उठून येत होता तो जुना.

"पिपेट, इकडे या," त्यांनी हाक मारली. पिपेट बाटलीचं झाकण हातात घेऊन आला. "दोन पायथन झालेत."

"असू देत की, मॅडम. खायला काय मागतायत?"

हे वाक्य आवराताईंना बोलायला नको होतं. 'असू देत' या दोन शब्दांवर जगातला निम्मा पसारा उभा आहे असं त्यांचं मत होतं. त्यांनी इंटरनेटवर शोधलं, जुना पायथन कसा काढावा. तिथे एका गृहस्थाने काढायचा हुकूम लिहिला होता, आणि त्याच्या खाली दुसऱ्या गृहस्थाने मोठाल्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं की हे चुकूनही करू नका, सगळी यंत्रणा जुन्यावर उभी असते. आवराताईंनी दोघांचं वाचलं. पहिला शांतपणे, मुद्द्याचं बोलत होता. दुसरा ओरडत होता. ओरडणाऱ्या माणसाचं ऐकायचं नाही, हा त्यांचा नियम होता. एरवी तो चांगला नियम आहे.

त्यांनी हुकूम लिहिला.

लिनक्सचा एक गुण मानला पाहिजे. ते करायच्या आधी सांगतं. पडद्यावर मजकूर आला की जुन्याबरोबर खालील गोष्टीही काढल्या जातील, आणि मग नावांची रीघ लागली. ओळीमागून ओळ. पडदा भरला, वर सरकला, पुन्हा भरला. शेवटी लिहिलं होतं की या सगळ्यामुळे एवढी एवढी जागा मोकळी होईल. पुढे जाऊ? हो की नाही?

पिपेट वाकून पाहत होता. "मॅडम, ही यादी जरा वाचूया का? केवढी नावं आहेत."

"तेच तर!" आवराताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. माळ्यावर चढावं आणि वर कोणाच्याही उपयोगाची नसलेली शंभर गाठोडी सापडावीत, तसं त्यांना झालं होतं. "बघा, केवढा कचरा साठवून ठेवला होता. एक जुना काढायला गेलं तर त्याचं सगळं गणगोत निघालं!"

"पण त्यात 'डेस्कटॉप' लिहिलेलं दिसलं मला मघाशी."

"जुनं असेल."

आणि त्यांनी 'हो' म्हटलं.

पुढची काही मिनिटं आवराताईंच्या नोकरीतली बहुधा सर्वांत सुखाची असावीत. ओळी धावत होत्या आणि प्रत्येक ओळीला काहीतरी बाहेर पडत होतं. त्या खुर्चीत मागे रेलून बघत होत्या. मग पडद्याच्या कडेची चित्रं एकेक करून पुसली गेली. हेही त्यांना आधी आवडलं, पडदा मोकळा वाटला. मग कोपऱ्यातली इंटरनेटची खूण गेली. मग छपाई यंत्राने एक उसासा टाकला आणि त्याचा दिवा विझला. पिपेट एक पाऊल मागे सरकला. दुर्घटनेच्या वेळी आपण किती अंतरावर होतो हे पुढे विचारतात, हे त्याला अनुभवाने माहीत होतं.

"बंद करून चालू करते," आवराताई म्हणाल्या.

बंद केला. चालू केला. पडदा काळा. काळ्यावर वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत संगणकाने त्यांचं नाव विचारलं. खिडकी नाही, चित्र नाही, बाण नाही. नाव सांगितलं, पासवर्ड सांगितला, की लुकलुकणारी एक बारीकशी रेघ. एवढा स्वच्छ पडदा आवराताईंनी आयुष्यात पाहिला नव्हता.

"नवा पायथन आहे का तरी?" पिपेटने लांबूनच विचारलं.

त्यांनी पूर्ण आकड्यासकट हाक मारली. नवा होता. सुखरूप होता. अख्खं घर पाडून झाल्यावर मोकळ्या पटांगणात नवा नळ उभा असावा, तसा.

तेवढ्यात इस्पितळातून फोन आला. त्यांनी नवी टाकी बांधली होती आणि आवराताईंच्या अहवालाशिवाय तिचं पाणी सोडता येत नव्हतं. तपासणी झाली होती, पाणी चांगलं होतं, फक्त अहवाल निघायचा होता, आणि तो याच एका संगणकातून निघायचा. आवराताई म्हणाल्या, निघतोय.

"हाताने लिहून देऊ का?" पिपेट म्हणाला.

"हाताने लिहायचे छापील कागद कुठे आहेत?"

"ते..." पिपेट घुटमळला. "ते मागच्या खेपेला आपण भंगारात दिले. संगणक असताना कागद कशाला, असं आपण म्हणालात." हा 'आपण' त्याने अशा बेताने वापरला होता, की त्यात तो स्वतः आहे की नाही ते कळू नये.

साहेबांना सांगावं लागलं. साहेबांनी केबिनच्या दारातून डोकावून काळा पडदा पाहिला, जरा विचार केला आणि म्हणाले, "फुकटच्या वस्तूंचं असंच असतं." मग ते आत गेले.

आवराताई बाहेरच्या व्हरांड्यात आल्या. रिकाम्या बाटल्यांच्या पेट्यांजवळ उभ्या राहिल्या. पेट्या वेड्यावाकड्या रचलेल्या होत्या. त्यांनी त्या सरळ केल्या नाहीत, यावरून त्यांच्या मनःस्थितीची कल्पना यावी. त्यांनी यजमानांना फोन लावला.

"अहो, धाकटीचा नंबर द्या."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग यजमान हळू आवाजात म्हणाले, "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही! नंबर द्या म्हटलं ना."

धाकटीने पहिल्याच घंटेला फोन उचलला. आवराताईंनी घडलेलं सांगितलं, जेवढं कमी शब्दांत सांगता येईल तेवढ्यात. "तू काही विचारू नकोस," हेही सांगितलं.

"एकच विचारते, ताई. यादी दाखवली होती ना त्याने?"

"दाखवली होती."

"आणि तुम्ही 'हो' म्हणालात."

"हो."

धाकटीने फोन जरा बाजूला धरला असावा. खोकल्यासारखा काहीतरी आवाज आला. मग ती म्हणाली, "काही बंद-चालू करू नका. येते मी."

ती आली ती खांद्यावर एक पोतं म्हणावं अशी पिशवी घेऊन. आवराताईंच्या निर्मळ टेबलावर तिने ती पिशवी उलटी केली. वायरी, पेनड्राइव्ह, अर्धी बिस्किटं, एक पेचकस, केसांच्या पिना, कोणत्या तरी यंत्राचं बिनयंत्राचं झाकण. पिपेटने डोळे मिटून घेतले. आवराताईंनी हात पाठीमागे बांधले.

"तुमचं इंटरनेट गेलंय ना त्याच्याबरोबर, आधी ते आणायला हवं," धाकटी म्हणाली. तिने गुंत्यातून एक वायर ओढली, ती छोटी निघाली. दुसरी ओढली, तिचं टोक बसेना. तिसरीने तिचा फोन संगणकाला जोडला. काळ्या पडद्यावर तिने एक ओळ लिहिली, आणि फोनमधलं इंटरनेट वायरीतून संगणकात आलं. "आता जुन्याला परत बोलवायचं. आणि त्याच्या गणगोताला."

तिने हुकूम दिला. संगणकाने पुन्हा यादी दाखवली, तीच नावं, फक्त आता आत येणाऱ्यांची. धाकटी 'हो' म्हणण्याआधी थांबली. "वाचायची आहे का, ताई?"

आवराताईंनी वाचली. पहिल्यांदा. निम्मी नावं कळली नाहीत, पण खिडक्यांचं कळलं, छपाईचं कळलं, इंटरनेटचं कळलं.

"हे सगळे एका जुन्यावर होते?"

"सगळे. त्यांना त्याचीच सवय. नवा कितीही हुशार असला तरी तुमच्या छपाईवाल्याशी त्याची ओळख नाही ना. जुन्याला हलवायचंच नसतं. का काढलात पण?"

"दोन झाले होते," आवराताई म्हणाल्या.

धाकटीने मान डोलावली. हे उत्तर तिला नवं नव्हतं.

ओळी सरकत राहिल्या. फोनच्या इंटरनेटला एवढं मोठं बिऱ्हाड उचलून आणायचं म्हणजे वेळ लागणारच. पिपेट चहा घेऊन आला आणि दोघींच्या मध्ये ठेवून झटकन गेला. दोघी पडद्याकडे बघत बसल्या. लग्नाकार्यात निदान मध्ये नवरे तरी असायचे.

"त्या खोक्यात," शेवटी आवराताई म्हणाल्या, "काय होतं एवढं?"

"एक वायर होती. करडी. आता कोणी बनवत नाही ती. एका गावच्या जुन्या यंत्राला तीच लागते. ती गेली असती तर ते अख्खं गाव मुकं झालं असतं, आणि माझी नोकरी गेली असती."

"गेली नाही ना पण?"

"भंगारवाल्याच्या गोदामात सबंध दिवस बसले, तेव्हा सापडली. भावोजींनी शोधून दिली."

"कोणी?"

"भावोजींनी. ते होतेच तिथे. त्यांचं तिथे खातंच आहे, तुम्हाला माहीत नाही?" धाकटीने चहाचा घोट घेतला. "तुमच्या घरचं काय काय आलंय ते भंगारवाला त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवतो."

आवराताईंनी हातातला पेला खाली ठेवला. बहुधा त्या आपला संसार पहिल्यापासून पुन्हा पाहत होत्या, या खेपेला यादी वाचून.

"मला सांगायचंस तरी," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा बराच खाली होता. "मला वाटलं होतं, तुला बरं वाटेल."

"तेच तर. तुम्हाला वाईट करायचं असतं तर मी भांडले असते. तुम्ही चांगलं करायला निघालात. त्यावर माणसाने काय बोलायचं?"

माफी असा शब्द कोणी काढला नाही. आवराताईंनी बिस्किटांचा अर्धा पुडा तिच्याकडे सरकवला, तो तिचाच होता, तरीही तिने तो त्यांनी दिल्यासारखा घेतला.

संगणक परत चालू केला तेव्हा सगळं जिथल्या तिथे आलं. चित्रं, खिडक्या, कोपऱ्यातली खूण. छपाई यंत्राचा दिवा लागला तेव्हा पिपेटने टाळी वाजवली आणि मग आजूबाजूला बघून थांबवली. आवराताईंचे सगळे आकडे, तक्ते जागच्या जागी होते. त्यांना कोणी हातही लावला नव्हता.

"आता नव्याचं," धाकटी म्हणाली. "त्याला तुमच्या त्या अहवालाच्या प्रोग्रामसाठी वेगळी चूल मांडून देते. त्याचं सामान त्याच्या खोलीत, जुन्याचं जुन्याकडे. एकमेकांच्या भांड्याला भांडं लागायला नको." बोलता बोलता तिच्या लक्षात आलं आपण काय म्हणालो ते. तिने जीभ चावली. आवराताईंना हसू आलं आणि ते त्यांनी चहाच्या पेल्यात लपवलं. "नुसती हाक मारलीत की जुना येणार. नवा हवा असेल तर त्या खोलीत जायचं आणि मग बोलवायचं. एवढं लक्षात ठेवा."

"दोघं राहणार?"

"दोघं राहणार."

"कायमचे?"

"ताई."

"बरं, बरं."

इस्पितळाचा अहवाल त्याच दिवशी गेला. टाकीचं पाणी सुटलं. साहेबांनी वरच्या कार्यालयाला कळवलं की आमच्या प्रयोगशाळेने नवी यंत्रणा यशस्वीरीत्या बसवली आहे, आणि पत्राच्या शेवटी स्वतःच्या मार्गदर्शनाचा उल्लेख करायला ते विसरले नाहीत. वरच्या कार्यालयाने त्यांचं अभिनंदन केलं. पिपेटच्या मते साहेबांनी खरंच मार्गदर्शन केलं होतं: ते केबिनमधून बाहेर आले नाहीत, हेच.

थोड्या दिवसांनी वरून दुसरा आदेश आला. नव्या प्रोग्राममध्ये काही त्रुटी आढळल्या आहेत. चांगलं पाणी तो मधूनच वाईट ठरवतो आणि वाईटाबद्दल त्याचं काही मत नसतं. सबब पुढील सूचना मिळेपर्यंत सर्वांनी अहवाल जुन्याच पद्धतीने काढावेत. खाली तीच सही, आणि सहीखाली तेच 'तातडीचे'.

आवराताईंनी तो आदेश दोनदा वाचला. म्हणजे आता जुना कामाचा आणि नवा बिनकामाचा. नवा आपल्या वेगळ्या खोलीत पाय पसरून पडला होता, नुसता. त्यांनी काळी खिडकी उघडली. बोटं अक्षरांवर ठेवली. मग, नोकरीत पहिल्यांदाच, काही काढून टाकायच्या आधी त्यांनी दुसऱ्या माणसाला विचारलं.

"नवा आता नकोय," त्या फोनवर म्हणाल्या. "काढू?"

"हात लावू नका," धाकटी म्हणाली. "महिन्याभरात तेच लोक पुन्हा मागतील. तुम्ही असं करा, रविवारी घरी या. मी तुम्हाला नीट समजावून सांगते, काय काढायचं असतं आणि काय नाही."

आवराताई गेल्या. वेगळं झाल्यापासून त्यांनी ते घर आतून पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं तेव्हा ते एक प्रकारे बरंच झालं होतं असं त्यांना वाटलं. खोलीत आता सात संगणक होते. बसायला जागा म्हणून धाकटीने एका खुर्चीवरचा ढीग उचलून दुसऱ्या ढिगावर ठेवला. आवराताई खुर्चीच्या कडेवर बसल्या, हात गुडघ्यांत दाबून. धाकटीने त्यांना कागदावर चौकोन काढून सगळं समजावलं, कोण कोणाच्या आधारावर उभा असतो, कोणाला आधी विचारायचं. त्यांनी मन लावून ऐकलं. प्रश्न विचारले, ते चांगले होते असं धाकटीलाही वाटलं. मग ती चहा ठेवायला आत गेली.

खोलीत आवराताई आणि वायरी, एवढेच उरले.

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. छताकडे पाहिलं. पायाशी चार काळ्या वायरी पडल्या होत्या, कशालाही न जोडलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या. त्यांनी त्या फक्त उचलून पाहिल्या. मग फक्त सोडवल्या. मग लांबीप्रमाणे लावून, पर्समधला रबर काढून त्यांची एक जुडी केली, आणि ती जुडी मांडीवर धरून त्या अगदी शांत बसल्या.

धाकटी दोन पेले घेऊन आली. तिने जुडीकडे पाहिलं. मग जाऊबाईंकडे पाहिलं. मग पुन्हा जुडीकडे. पेले तिने संगणकाच्या डोक्यावर ठेवले, जुडी त्यांच्या हातातून घेतली, रबर काढून मनगटात चढवला आणि वायरी होत्या तिथे जमिनीवर सोडून दिल्या.

"ताई," ती म्हणाली, "चहा घ्या. निवतोय."